श्वासनळीतली लव

एक प्रौढ माणूस दिवसाला सुमारे 10,000 लिटर हवा आत ओढतो. तिच्याबरोबर रस्त्यावरची धूळ, फोडणीची खाट, परागकण, बुरशी, जंतू असं सगळंच आत शिरतं. आणि तरीही निरोगी माणसाची श्वासनळी वर्षानुवर्षं स्वच्छ राहते. कशी?

श्वासनळीला आतून अस्तर असतं आणि त्यातल्या बहुतेक पेशींवर बारीक लव असते. एकेका पेशीवर साधारण 200 तंतू, आणि प्रत्येकाची लांबी मिलिमीटरच्या दीडशेव्या भागाएवढी. जीवशास्त्राच्या पुस्तकांत यांना पक्ष्माभिका म्हणतात. या लवेवर चिकट कफाचा पातळ थर तरंगत असतो. धूळ आणि जंतू त्याला चिकटतात आणि लव तो थर घशाकडे ढकलत नेते. एकेक तंतू सेकंदाला दहाहून जास्त वेळा हलतो. सगळे एकदम हलत नाहीत. ज्वारीच्या उभ्या शेतावरून वाऱ्याची लाट जावी तसे एकामागोमाग एक वाकतात. पुढच्या फटक्यात तंतू ताठ उभा राहतो आणि टोकाने कफ पुढे लोटतो. परतताना मात्र तो वाकून, खालच्या पाणीदार थरातून सरपटत येतो, म्हणजे पुढे गेलेला कफ मागे ओढला जात नाही. इतक्या इवल्याशा जागेत इतका विचारपूर्वक बेत! घशाशी आलेला कफ आपण नकळत गिळतो आणि पुढचं काम पोटातलं आम्ल करतं.

ही लव हललीच नाही तर? 1933 साली झुरिकचे डॉक्टर मानेस कार्टाजेनर यांनी काही विलक्षण रुग्णांचं वर्णन केलं. त्यांना सायनसचा आणि छातीचा त्रास सतत असायचा, आणि त्यांचं हृदय उजवीकडे होतं. या दोन गोष्टींचा संबंध काय, हे कोडं 1976 मध्ये स्वीडनच्या ब्योर्न आफ्झेलियस यांनी उलगडायला घेतलं. या माणसांची लव जन्मतःच निकामी होती. गर्भ अगदी लहान असतानाही अशीच लव द्रवाचा प्रवाह एका बाजूला वाहवते आणि त्यावरून शरीराला डावं-उजवं कळतं. ती थांबली, की हृदय कुठल्या बाजूला जाणार हे निव्वळ योगायोगावर राहतं. म्हणून असा दोष असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचे अवयव उलट बाजूला असतात. आपल्या हृदयाची जागा ठरवणारी आणि छाती झाडणारी यंत्रणा एकाच घराण्यातली आहे!

जन्मतः धडधाकट असलेली ही लव आपण धुराने मारतो. बिडी-सिगारेटच्या धुराने ती मंदावते, पुढे आखूड होते, झडते. त्याच वेळी कफ जास्त सुटू लागतो. मग तो बाहेर काढायला एकच उपाय उरतो, खोकला. बिडी ओढणारा सकाळी उठून खोकत बसतो तो रात्रभर साठलेल्या या कफापायी.

चुलीच्या धुराचंही तेच. गोवऱ्या, काटक्या, फुंकणी आणि बंद खोली यांत वर्षं काढलेल्या, कधी बिडी न ओढलेल्या बायकांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागण्याचा जुनाट आजार, होतो. त्या धुरातले सर्वांत बारीक कण लवेचा पहारा चुकवून थेट फुप्फुसांतल्या हवेच्या फुग्यांपर्यंत, म्हणजे वायुकोशांपर्यंत पोचतात. तपासताना ‘तंबाखू, बिडी?’ एवढंच विचारलं तर अशी बाई सुटून जाते. म्हणून चूल किती वर्षं पेटवली, हे आपणहून सांगावं आणि स्पायरोमेट्री ही श्वासाची चाचणी करून मागावी. छातीभर श्वास घेऊन नळीत जोराने, संपेपर्यंत फुंकायचं असतं. पहिल्या सेकंदात एकूण हवेच्या किमान 70 टक्के बाहेर आली नाही, तर बहुधा नळ्या अरुंद झालेल्या असतात. चढ चढताना लागणाऱ्या धापेचा दोष आपण वयाला देत राहतो, पण या चाचणीत खरं कारण दिसतं.

धुराने फुटलेले वायुकोश पुन्हा बनत नाहीत, लव मात्र सावरू शकते. बिडी सोडल्यावर पहिले काही आठवडे कित्येकांचा खोकला उलट वाढतो. कारण लव पुन्हा कामाला लागते आणि साठलेला कफ वर येऊ लागतो. नेमक्या याच दिवसांत ‘सोडल्यापासून जास्तच त्रास होतोय’ म्हणत अनेक जण पुन्हा बिडी पेटवतात.