टरफलं नकोत, कुटार आणा

मंगरुळपीरहून एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. घरामागं दहा बाय वीस फुटांची जागा मोकळी होती, तिथं त्यांनी आयुष्यातली पहिली परसबाग केली. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून मातीत अंड्याच्या टरफलांची पूड घातली, एप्सम सॉल्ट घातलं, पाणी रोज न चुकता दिलं. तरी टोमॅटोची बुडं काळी पडून सडली आणि वांग्याची पानं पिवळी पडली. ‘एवढं सगळं घालून कमी काय पडलं?’ असं त्या विचारतात.

कमी काहीच पडलं नाही, ताई. पाणी जास्त झालं आणि बाकीचं फुकट गेलं.

टोमॅटोचं बूड काळं पडतं ते फळाला कॅल्शियम मिळत नाही म्हणून, इथपर्यंत व्हिडिओवाले बरोबर सांगतात. पण वाशीम जिल्ह्याच्या काळ्या मातीत कॅल्शियमची टंचाई शोधणं म्हणजे पैनगंगेच्या पुरात उभं राहून पाण्याची टंचाई शोधण्यासारखं आहे. ही माती साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्ह्याच्या बेसाल्ट खडकाची. त्या खडकात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर. जमीन खणताना जे पांढरे चुनखडीचे खडे हाताला लागतात, त्यातला एक वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर ओता. बुडबुडे येतात. अंड्याचं टरफल म्हणजे तोच चुना. शिवाय तो विरघळायला आम्लधर्मी माती लागते. आपल्या मातीचा सामू आठच्या आसपास, त्यामुळं ती पूड वर्षानुवर्षं जशीच्या तशी पडून राहील. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. बेसाल्टच्या मातीला मॅग्नेशियम विकत आणून घालायची गरज सहसा पडत नाही.

मग टोमॅटोला कॅल्शियम का मिळालं नाही? कारण कॅल्शियम झाडात पाण्यासोबत चढतं आणि जिथून बाष्पीभवन जास्त तिकडं, म्हणजे पानांकडं, जातं. गुळगुळीत सालीच्या फळाच्या वाट्याला थोडंच येतं. मुळं कधी चिखलात गुदमरलेली, कधी कोरडी पडलेली असली की तेवढंही तुटतं. पिवळ्या पानांचं कोडंही असंच आहे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, विशेषतः नव्या पानांवर, तर ती लोहाची उपासमार. लोह जमिनीत आहे, पण चुनखडीच्या आणि साचलेल्या पाण्याच्या मातीत ते मुळांच्या हाती लागत नाही. अशा वेळी घाबरून युरिया टाकणारे पुष्कळ भेटतात. त्यानं पान आणखी माजतं, फळ आणखी सडतं.

पाणी साचण्याचं हे प्रकरण नीट कळायला काळ्या मातीच्या आत डोकावायला हवं. तिथं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज आहे. फ्रान्समधल्या मॉन्टमोरियाँ गावावरून त्याला हे नाव पडलं, पण खरा मुक्काम त्यानं आपल्याकडं ठोकला आहे. त्याचे कण अतिसूक्ष्म आणि एकावर एक थर रचलेले असतात. या थरांच्या मध्ये पाणी शिरतं आणि थर एकमेकांपासून दूर सरकतात. माती फुगते ती अशी. थरांच्या आतबाहेरचे सगळे पृष्ठभाग धरले, तर शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममध्ये जवळपास 800 चौरस मीटर क्षेत्र भरतं. म्हणजे पाच ग्रॅमला 4,000 चौरस मीटर. साध्या हिशेबात सांगायचं, तर चहाच्या चमचाभर अशा खनिजात जवळपास एक एकर जमीन! सातबाऱ्यावर याची नोंद होत नाही हेच बरं. नाहीतर भावकीची भांडणं चमच्यापर्यंत पोचली असती.

त्या चमचाभर एकरावर पाणी चिकटून बसतं आणि सहजी सुटत नाही. म्हणून काळी माती हाताला ओली लागते, तरी तिच्यातलं झाड कोमेजलेलं असू शकतं. पाणी आहे, पण मुळांना ते ओढून घेता येत नाही. नवखा माणूस पान मलूल दिसलं की झारी उचलतो. आधीच फुगलेल्या मातीत उरलेसुरले हवेचे रस्तेही बंद होतात आणि मुळं प्राणवायूविना बसतात. तिकडं उन्हाळ्यात हीच माती आक्रसते आणि भेगा पडतात. कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा या भागात कुणी पाहिल्या नाहीत असं होणार नाही. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसात खालून फुगवटा येतो आणि खालचा थर वर ढकलला जातो. जमीन अशी स्वतःच स्वतःला नांगरत असते. घराचा पाया मुरुमापर्यंत न्या, असं जुने गवंडी बजावतात ते याच कारणानं.

शेतकऱ्याला यातलं काही शिकवावं लागत नाही. तो वाफसा येईपर्यंत रानात पाय घालत नाही. नळाचं पाणी हाताशी असलेला परसबागवाला मात्र वाफसा येऊच देत नाही. वाफसा ओळखायला दोन बोटं माती उकरावी, मूठभर घेऊन दाबावी. गोळा होऊन बोटांना चिकटली तर झारी ठेवून द्यावी. गोळा होऊन हलक्या धक्क्यानं फुटला तर ठीक चाललं आहे. पावसाळ्यासाठी यावर एकच पक्का उपाय आहे, उंच वाफा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेनं 1970 च्या दशकात काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची (बीबीएफ) पद्धत विकसित केली. आज वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची बीबीएफ यंत्रानं पेरणी होते, ती हीच. घरामागं यंत्राची गरज नाही. तीन-साडेतीन फूट रुंदीचा, वीतभर उंचीचा गादीवाफा फावड्यानं होतो. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यावर पाय पडत नाही.

मालेगाव, मानोरा भागातल्या माळावरच्या मुरमाड जमिनीत गोष्ट उलटी. तिथं पाणी थांबतच नाही, तलावातला गाळ आणून घातला तर उपकारच. पण भारी काळ्या मातीत गाळ घालणं म्हणजे आजाऱ्याला आजारच पाजणं. काळी माती हलकी करायला दोन घमेली वाळू टाकतात, तीही वाया जाते. फरक पडायचा तर मातीच्या निम्म्यानं वाळू लागेल. दोन्ही जमिनींना चालतं असं एकच औषध आहे आणि ते म्हणजे कुजलेलं खत.

इथं मला एका माणसाबद्दल बोलायचंच आहे.

जगभरात ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखलं जाणारं कंपोस्ट जिथं जन्मलं, त्या माळव्याच्या पठारावरची माती आपल्यासारखीच काळी. होळकर दरबारानं दिलेल्या 300 एकरांवर 1924 मध्ये तिथं ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ उभी राहिली. संचालक अल्बर्ट हॉवर्ड, सोबत त्यांची वनस्पतिशास्त्रज्ञ पत्नी गॅब्रिएल. अनुदान इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचं होतं आणि त्या कमिटीचा पैसा कापसाच्या गाठींवरच्या उपकरातून यायचा. कारंज्याहून शकुंतला रेल्वेनं ज्या गाठी बाहेर पडल्या, त्यांचाही हातभार या कंपोस्टला लागला म्हणायचा. 1931 मध्ये या कामाचं पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं काढलं, ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’. त्यावर लेखक म्हणून दोन नावं आहेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे एम. ए., संस्थेत रसायनशास्त्राचे मुख्य सहायक.

पुढं काय झालं पाहा. हॉवर्ड त्याच वर्षी मायदेशी गेले, 1934 मध्ये ‘सर’ झाले, 1940 मध्ये त्यांचं ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ गाजलं. 1942 मध्ये अमेरिकेत रोडेल यांनी सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं ते हॉवर्ड यांच्याच प्रेरणेनं. सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून आज त्यांचं नाव घेतात. वाड इंदुरातच राहिले. वस्तीतल्या कचऱ्याची आणि मैल्याची विल्हेवाट याच पद्धतीनं कशी लावावी, यावर 1934 मध्ये एफ. के. जॅक्सन यांच्यासोबत त्यांचा निबंध आला. गांधीजींनी 1935 मध्ये ‘हरिजन’मधून इंदूर पद्धतीची ओळख करून दिली. पण आज सेंद्रिय शेतीच्या शिबिरांत हॉवर्ड यांचा फोटो असतो आणि वाड कोण, हे विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. हॉवर्ड यांचं मोठेपण मला कमी करायचं नाही. पण कुजण्याचं शास्त्र हे मुळात कर्ब आणि नत्राच्या हिशेबाचं रसायनशास्त्र आहे आणि पुस्तकावर ज्या रसायनशास्त्रज्ञाचं नाव आहे तो माणूस वाड आहे.

त्या पुस्तकातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पऱ्हाट्यांची आहे. पऱ्हाटी आणि तुराटी लाकडासारखी टणक, ती कुजणार कशी? तोडायला मजूर आणि यंत्र परवडणारं नव्हतं. मग हॉवर्ड-वाड यांनी पऱ्हाट्या फार्मच्या रस्त्यांवर अंथरल्या. येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली त्यांचा चुरा होत राहिला. पैसा न पैसा वाचवून काढलेली ही युक्ती आहे. वऱ्हाडात आजही धुऱ्यावर पऱ्हाट्या पेटवल्या जातात, तेव्हा हटकून तो रस्ता आठवतो.

त्यांचे खड्डे 30 बाय 14 फुटांचे, दोन फूट खोल. त्यात वाळलेला काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती आणि थोडी लाकडाची राख यांचे पातळ थर. तीनदा उलथापालथ आणि 90 दिवसांत खत तयार. पावसाळ्यात मात्र खड्ड्यात पाणी भरतं म्हणून जमिनीवर ढीग. काडीकचऱ्याच्या कर्बाचं आणि शेण-मुताच्या नत्राचं प्रमाण सुमारे तीसास एक जमलं, की जीवाणू तुटून पडतात आणि ढीग साठ अंशांच्या वर तापतो. तणाचं बी आणि माश्यांच्या अळ्या त्यातच मरतात. राख खतात चिमूट-दोन चिमूट ठीक. पण चुलीची राख थेट वाफ्यावर ओतू नका. आधीच आठ सामू असलेल्या मातीला ती नको आहे.

घरासाठी एवढा मोठा पसारा लागत नाही. पण तीन फूट लांब, तीन रुंद, तीन उंच यापेक्षा लहान ढीग तापत नाही, उष्णता बाहेर निसटते. बाल्कनीतल्या छोट्या डब्यात खत होतं, पण सावकाश, आणि तणाचं बी जिवंत राहतं. वाशीमकरांचं नशीब असं, की सोयाबीनचं कुटार गावोगाव आहे. तीन टोपली कुटार आणि पाला, त्यावर एक टोपलं शेण आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा, वर पाण्याचा शिडकावा. मूठ पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोखंडी सळई मधोमध खुपसून पाच मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला तर काम सुरू आहे. गार लागली तर शेण वाढवा. कुबट वास आला तर कुटार वाढवा आणि ढीग उलथा. शेतातली माती घरी आणणार असाल, तर तिथं कोणतं तणनाशक मारलं होतं ते आधी विचारा. सोयाबीनमधल्या इमॅझेथापायरसारख्या औषधाचा अंश काही महिने मातीत टिकू शकतो आणि भाज्यांची कोवळी रोपं खुजी राहतात.

आता व्हिडिओंमधल्या ‘महिन्याभरात बाजाराला सुट्टी’ या दाव्याचा हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये जो आहार सुचवला, त्यात रोज माणशी 400 ग्रॅम भाज्या आहेत. पाच माणसांना महिन्याला 60 किलो. ताईंच्या 200 चौरस फुटांतून वाटा-सऱ्या वजा जाता पेरायला 12 चौरस मीटर उरतील. शेतात मेथीचं उत्पादन हेक्टरी सात-आठ टन धरलं, तर चौरस मीटरला पाऊण किलो. सगळीकडं मेथीच पेरली तरी महिन्याला नऊ किलो. हात मुरल्यावर दुप्पट होईल, पण 60 होणार नाहीत. परसबागेचा खरा फायदा ताज्या पालेभाजीचा आणि हंगामी चढ्या भावातून सुटका होण्याचा. तो काही लहान नाही.

म्हणून पहिल्या वर्षी टोमॅटोच्या मागं लागू नये. मृगात भेंडी, गवार, चवळी, अंबाडी लावावी. या पिकांना आपली माती आणि आपलं ऊन मानवतं. भेंडीत शेजारच्या परभणी कृषी विद्यापीठाचं ‘परभणी क्रांती’ हे वाण नवख्याला बरं. एका रानटी भेंडीशी संकर करून तिच्यात पिवळ्या शिरांच्या रोगाविरुद्धची ताकद आणली गेली. ती आता पूर्वीइतकी उरलेली नाही, पण हे सुधारित वाण असल्यानं घरचं बी धरता येतं. थंडीकडं मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर), मुळा. टोमॅटो-वांग्याची रोपं पावसाचा जोर ओसरल्यावर लावावीत आणि वाफ्यावर चार बोटं कुटार पसरावं. ओल एकसारखी राहिली, तर काळी बुडं फारशी दिसणार नाहीत. अडचण आली तर रिसोड तालुक्यात करडा इथं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं विचारावं.

एक विनंती शिक्षकांना. जिल्ह्यातल्या शाळांमध्ये पोषण आहारासाठी परसबागा केल्या जातात आणि कंपोस्टचा खड्डाही असतो. त्याच्या पाटीवर ‘इंदूर पद्धत’ लिहिणार असाल, तर खाली दोन्ही नावं लिहा: हॉवर्ड आणि वाड.