असलेले, पाडायचे, नवे

भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यासारख्या पूर्णाकाठच्या गावात हल्ली घर बांधणे म्हणजे बहुतेक वेळा असलेले घर बदलणे असते. गावठाणात मोकळ्या जागेवर नव्याने पाया खोदायची वेळ क्वचितच येते. मागची भिंत शेजाऱ्याशी सामाईक, बाजूला बोळ, समोर रस्ता. मग पुढची ओसरी उतरवून तिथे स्लॅबची खोली निघते आणि मागचे माळवद तसेच राहते. कुठे भावाभावांच्या वाटण्या होऊन माजघराच्या मधोमध भिंत येते. कुठे मंजूर झालेले घरकुल जुन्या घराच्याच जागेत बसवायचे असते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात त्याचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर धरलेले आहे. या सगळ्या कामांत पहिला प्रश्न एकच असतो: आज उभे आहे ते नेमके काय आहे, त्यातले काय जाणार आणि त्याजागी काय येणार?

या प्रश्नाला संगणकावरच्या वास्तुरचनेने दिलेले उत्तर हा या लेखाचा विषय आहे. नव्या घराची रंगीत चित्रे आता सगळ्यांनी पाहिली आहेत. तालुक्याच्या ठिकाणच्या लहानशा ड्राफ्टिंगच्या दुकानातही ती काढून मिळतात. जुन्या घराच्या फेरबदलाचे मॉडेल ही मात्र वेगळी आणि जास्त अवघड विद्या आहे. माझ्या मते आपल्या गावांना तीच जास्त उपयोगाची आहे.

ही विद्या संगणकाने शोधलेली नाही. नकाशा मंजुरीसाठी दाखल करायचा तर कोणते काम कोणत्या रंगात दाखवायचे हे राष्ट्रीय इमारत संहितेत ठरवून दिलेले आहे. असलेले बांधकाम काळ्या रेषेत, पाडायचे ते पिवळ्या तिरप्या रेघांनी, नवे प्रस्तावित ते लाल भरून. ट्रेसिंग पेपरवर शाईने काम करणाऱ्या पिढीला हे रंग तोंडपाठ होते. त्या कागदाची अडचण एवढीच की तिन्ही गोष्टी एकाच कागदावर एकमेकींवर चढायच्या. वेगळे नकाशे करावेत तर एकात केलेली दुरुस्ती दुसऱ्यात राहून जायची. 1982 साली ऑटोकॅड आले आणि कागदाच्या जागी पडदा आला. रंगांच्या जागी लेअर आले. पण रेघ ही रेघच राहिली. ती भिंत आहे की पलंगाची कड, हे संगणकाला कळत नव्हते.

भिंतीला भिंत म्हणून ओळखणारी आज्ञावली हंगेरीतल्या ग्राफिसॉफ्टने 1980 च्या दशकातच आर्किकॅडच्या रूपाने आणली होती. अमेरिकेत 1997 साली सुरू झालेल्या एका छोट्या कंपनीने 2000 साली रेव्हिट बाजारात आणले आणि 2002 मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनी विकत घेतली. रेव्हिटमधली आपल्या कामाची गोष्ट म्हणजे त्यातले टप्पे. प्रत्येक भिंत, दार, खांब आणि छत यांच्यावर दोन नोंदी असतात: हे कोणत्या टप्प्यात उभे राहिले आणि कोणत्या टप्प्यात पाडले. एवढेच. मॉडेल एकच असते, पण एका नकाशाला सांगायचे ‘जुने आणि पाडायचे दाखव’, दुसऱ्याला सांगायचे ‘पुरे झालेले घर दाखव’. जुने फिक्या राखाडीत येते, पाडायचे तुटक रेघांत आणि नवे ठळक. भिंतीची जागा एकदा बदलली की सगळ्या नकाशांत बदलते. आर्किकॅडने 2011 सालच्या पंधराव्या आवृत्तीत हीच सोय वेगळ्या पद्धतीने दिली. तिथे वस्तूला थेट असलेली, पाडायची किंवा नवी असा दर्जा लावतात. काळ्या, पिवळ्या आणि लाल शाईचे हे वारस आहेत.

आता हे मराठवाड्यातल्या घराला लावून पाहू.

आपल्याकडचे धाब्याचे घर खणांवर मोजतात. खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच्या, त्यावर पाला-पाचट आणि मातीचा थर, सर्वांत वर पाणी न धरणारी पांढरी माती. उजेडासाठी छतात साणे. बाहेरून दगडमातीच्या भिंती, दोन-दोन, तीन-तीन फूट जाड, त्यात देवळ्या आणि कोनाडे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी हे घर कधी पाहिलेले नसते. भिंत उभी सरळ, दोन्ही बाजू समांतर आणि कोपरा काटकोनात, असेच सॉफ्टवेअर गृहीत धरते. रेव्हिटमध्ये कललेली भिंत 2021 च्या आवृत्तीत आली आणि खाली जाड, वर निमुळती भिंत 2022 च्या. तोपर्यंत अशी भिंत दाखवायला आडवाटा शोधाव्या लागत.

म्हणून या कामाचा निम्म्याहून जास्त जीव मोजमापात असतो. खोलीच्या चार बाजू मोजून भागत नाही, दोन्ही कर्णही मोजावे लागतात. कर्ण सारखे नसले तर खोली गुण्यात नाही, आणि जुनी खोली गुण्यात असतेच असे नाही. लांब भिंतीवरची दारे-देवळ्या तुकड्यातुकड्याने मोजून बेरीज करू नये. एका कोपऱ्यात टेपचा शून्य धरून तिथूनच सगळी अंतरे सलग घ्यावीत, म्हणजे चुकांची बेरीज होत नाही. दाराच्या पाखीत भिंतीची जाडी उघडी मिळते, ती तिथेच घ्यावी. ओळंबा सोडून भिंतीचा कल पाहावा, पाण्याच्या नळीने ओसरी आणि माजघर यांची लेव्हल काढावी. हातात मावणारा लेझर मीटर 1993 पासून मिळतो. 2020 पासून काही महाग फोन आणि टॅबमध्ये खोली स्कॅन करणारा लायडारही आला. घाईच्या कामाला तो चांगला आहे, पण त्यात थोडी चूक राहते आणि भिंतीच्या पोटात काय आहे ते त्याला दिसत नाही.

खरा प्रश्न भिंतीच्या पोटातलाच आहे. या घरांत पुष्कळदा छताचा भार लाकडी खांब-तुळयांवर असतो आणि दगडी भिंत नुसती भोवतीने असते. तर कुठे तुळईचे टोक सरळ भिंतीवर टेकवलेले असते. खांब भिंतीत गिलाव्याखाली बुजलेला असला तर दोन्ही घरे डोळ्यांना सारखीच दिसतात. पहिल्या घरात भिंत काढली तर छत राहील. दुसऱ्यात भिंतीला हात लावण्याआधी टेकू द्यावे लागतील. मॉडेल करणाऱ्याने खांब न शोधता नुसती दोन फुटी भिंत काढली आणि तिच्यावर पाडण्याचा शिक्का मारला, तर संगणक निमूटपणे ती तुटक रेघांत दाखवतो. वरची तुळई हवेत लटकलेली राहिली तरी तो हरकत घेत नाही. भार कशावर आहे हे माणसानेच तपासायचे असते. खोलीच्या आतून तुळईची ओळ पाहायची, किलच्यांची दिशा पाहायची, गावातल्या जुन्या गवंड्याला किंवा सुताराला बोलावून विचारायचे आणि मगच ते मॉडेलमध्ये लिहायचे.

आणखी एक बारीक गोष्ट सांगतो, कारण या विद्येचा कस तिथे दिसतो. जुन्या भिंतीतले दार बुजवायचे आहे. रेव्हिटमध्ये हातोडीचे साधन घेऊन दारावर टिचकी मारली की दार पाडलेले दिसते आणि मोकळ्या झालेल्या जागेत नव्या टप्प्याचा भिंतीचा तुकडा आपोआप भरला जातो. सोय छान आहे. पण हा तुकडा मूळ भिंतीच्याच जातीचा धरला जातो, म्हणजे दोन फूट जाड दगडमातीचा. प्रत्यक्षात आज कुणी दगडमातीने दार बुजवत नाही. गवंडी तिथे नऊ इंची विटेचे काम करतो आणि आतल्या बाजूला एक खोलगट जागा उरते. तो तुकडा निवडून त्याची जात बदलली नाही, तर साहित्याच्या यादीत दगड येतो आणि विटा गळतात. शिवाय दोन वेगळ्या जातींच्या बांधकामांचा सांधा कसा बांधायचा, हा खरा प्रश्न नकाशावर उमटतच नाही. नवख्यांची दुसरी नेहमीची चूक म्हणजे जुन्या टप्प्याच्या नकाशात बसून नवी भिंत काढणे. ती मग कायमची ‘असलेली’ होते आणि कंत्राटदाराच्या यादीतून गायब होते.

हे नीट केले तर जे हाती लागते ते मोलाचे आहे. तीस फूट लांब, वीस फूट रुंद माळवद आणि त्यावर दीड फूट माती धरा. 900 घनफूट, म्हणजे 9 ब्रास. वजन चाळीस टनांच्या घरात. छत उतरवायचे म्हणजे एवढी माती खाली आणायची, कुठेतरी टाकायची, ट्रॅक्टरचे भाडे द्यायचे. घरमालकाच्या हिशेबात हा खर्च बहुधा नसतो, कारण नव्या घराच्या नकाशात माती दिसत नाही. फेरबदलाच्या मॉडेलमध्ये पाडायच्या वस्तूंची वेगळी यादी निघते: माती किती, दगड किती, सागवानी तुळया किती आणि किती लांबीच्या. त्या तुळया, चौकटी आणि घडीव दगड पुन्हा वापरता येतात किंवा विकता येतात. काम सुरू होण्याआधी त्यांची मोजदाद हातात असलेला माणूस कवडीमोलाने फसत नाही.

याच मातीच्या ओझ्याने महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली हजारो माणसे आपल्याच घराखाली गेली. दगडी भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना आरपार सांधणारे दगड नव्हते. त्या फुगून फुटल्या आणि वरची जड माती कोसळली. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या पुनर्वसनात नवी गावे वसली, तशीच हलके नुकसान झालेली असंख्य जुनी घरे दुरुस्त करून मजबूत करायची होती. त्या कामाचे उपाय आजही तेच आहेत: छतावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार भोके पाडून त्यात सळई आणि काँक्रीटचे सांधे भरणे, दाराच्या वरच्या पातळीला घराभोवती पट्टा बांधणे, खांब-तुळईच्या जोडाला तिरके लाकडी टेकू देणे. भारतीय मानक 13828 आणि 13935 याच विषयाची आहेत आणि दोन्ही पहिल्यांदा 1993 सालीच निघाली.

या उपायांकडे मॉडेल करणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. हे सगळे काम ‘असलेल्या’ आणि ‘नव्या’च्या मध्ये येते. भिंत जुनीच राहते, तिच्या पोटात नवा सांधा जातो. माळवद तेच, पण त्यातला मातीचा थर अर्ध्यावर येतो. टप्प्यांच्या पद्धतीत एकाच छताचा एक थर जुना आणि एक पाडलेला असे सांगता येत नाही, त्यामुळे थर सुटे-सुटे काढावे लागतात. कष्ट वाढतात, पण मजबुतीकरणाचा खरा नकाशा तसाच निघतो. पाडून नवे बांधणे संगणकाला सोपे जाते आणि जुने सांभाळून सुधारणे अवघड. साधन ज्या बाजूला झुकते त्या बाजूला निर्णयही झुकतात, याची मला काळजी वाटते. जे माळवद थोड्या खर्चात पुढची कितीतरी वर्षे चालले असते, ते पाडण्याचे एक कारण त्याचा नकाशा काढता न येणे हेही असू शकते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात धाब्याखालची खोली आणि उघड्या स्लॅबखालची खोली यांतला फरक ज्याने दुपारी अनुभवला आहे, त्याला हे नुकसान वेगळे समजावून सांगायला नको.

साधनांच्या किमतीचेही बोलले पाहिजे. रेव्हिट आणि आर्किकॅड वर्षाच्या भाड्याने मिळतात आणि ते भाडे तालुक्यातल्या ड्राफ्ट्समनला जड जाते. विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवाना फुकट मिळतो, पण त्यावर धंद्याचे काम करता येत नाही. फ्रीकॅड आणि ब्लेंडरवर चालणारे बोन्साय ही मोफत आणि खुली साधने आहेत. त्यांत हात बसायला वेळ लागतो, पण त्यांतले मॉडेल आयएफसी या खुल्या स्वरूपात ठेवता येते. त्या स्वरूपात प्रत्येक वस्तूला असलेली, पाडायची, नवी किंवा तात्पुरती असा दर्जा लिहिण्याची जागा ठरवून दिलेली आहे. रेव्हिटची फाइल एकदा पुढच्या आवृत्तीत जतन केली की मागच्या आवृत्तीत उघडत नाही. घर मात्र सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांहून पुष्कळ जास्त जगते. म्हणून काम करून घेणाऱ्याने आयएफसी, पीडीएफ आणि कागदावरची एक प्रत, तिन्ही मागून घ्यावीत. कुणी नाही म्हणत नाही, मागायचे सुचत नाही इतकेच.

आयटीआयच्या ड्राफ्ट्समन सिव्हिलच्या आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना शिकताना बहुधा रिकाम्या प्लॉटवरचा बंगला दिला जातो. त्याऐवजी त्यांना स्वतःच्या गावातले एक धाब्याचे घर मोजायला द्यावे: सगळे कर्ण, भिंतीचे कल, देवळ्या, साणे आणि छतातला प्रत्येक थर. प्रत्येक मापापुढे ते मोजलेले की अंदाजाने धरलेले, एवढी नोंद ठेवायला लावावी. बुजलेला खांब, न दिसणारा पाया, शेजाऱ्याच्या बाजूची भिंत अशा अंदाजाच्या जागा नकाशात प्रामाणिकपणे अंदाज म्हणून दिसल्या, तर पुढे काम करणारा तिथे सावध होतो.

आणि ज्यांच्या घराचे काम येत्या उन्हाळ्यात निघणार आहे त्यांना एक विनंती. नव्या घराचे चित्र मागण्याआधी आजचे घर आहे तसे मोजून, काढून घ्या. ओसरीची पहिली तुळई उतरण्यापूर्वी ते काम पुरे व्हायला हवे, कारण त्यानंतर ते मोजता येत नाही.