इंग्रजी कोटेशन: कोणती चूक नुसती खटकते, कोणती पैसे खाते?



1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि उरणच्या छोट्या व्यावसायिकाला नवं गिऱ्हाईक मिळालं. ट्रेलर लावायचा असो, यार्डात जेवणाचे डबे द्यायचे असोत, समोरची कंपनी म्हणते, "कोटेशन ईमेल करा." म्हणजे इंग्रजीत!

चुकेल म्हणून घाबरू नका. काही चुका नुसत्या खटकतात, काही पैसे खातात. आधी पैसे खाणाऱ्या पकडा. त्या बऱ्याचदा तिथे सापडतात, जिथे आपण मराठीत एकाच शब्दावर भागवतो आणि इंग्रजीत दोन लागतात.

1. 'पर्यंत': बाय की टिल?
'वुई विल सप्लाय टिफिन्स टिल वन पीएम' म्हणजे एक वाजेपर्यंत डबे देत राहू, मग बंद! तुम्हाला म्हणायचंय की एकच्या आत डबे पोचतील. मग 'बाय वन पीएम' लिहा. काम तोपर्यंत चालू राहणार असेल तरच 'टिल'.

2. 'तीस दिवसांची उधारी': विदिन की आफ्टर?
'पेमेंट आफ्टर थर्टी डेज' लिहिलं की एकतिसावा दिवसही चालतो आणि नव्वदावाही. 'विदिन थर्टी डेज फ्रॉम बिल डेट' लिहा. एमएसएमई विकास कायदा 2006 प्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराच्या पेमेंटची मुदत लेखी करारातसुद्धा 45 दिवसांच्या वर ठेवता येत नाही. पण आपणच मोघम लिहिलं तर वसुलीला आपणच अडतो.

3. 'खोळंबा': डिटेन्शन की डेमरेज?
लोडिंगसाठी गाडी थांबून राहिली तर ट्रान्सपोर्टर मागतो ते डिटेन्शन. कंटेनर मोफत दिवसांपेक्षा जास्त बंदरात पडून राहिला तर लागतं ते साधारणपणे डेमरेज. आणि 'डॅमेज' म्हणजे तर मोडतोड! बिलात चुकीचा शब्द गेला की अकाउंट्सवाले बिल परत पाठवायला मोकळे.

आता खटकणाऱ्या चुका
'सिन्स थ्री इयर्स' नाही, 'फॉर थ्री इयर्स'. 'सिन्स' नंतर सुरुवातीचं साल येतं: 'सिन्स 2021'. 'डिस्कस अबाउट' मधलं 'अबाउट' काढा. 'रिव्हर्ट बॅक' ऐवजी सरळ 'रिप्लाय'. 'इक्विपमेंट्स' मधला 'स' काढा. 'वुई आर हॅविंग टू ट्रेलर्स' ऐवजी 'वुई हॅव टू ट्रेलर्स'. यांनी ऑर्डर बुडत नाही, पण कागद नीटनेटका दिसतो.

चूक पकडायची कशी?
मोबाइल स्पेलिंग तपासतो. 'टिल' चं स्पेलिंग बरोबरच असतं, म्हणून तो गप्प बसतो. त्यामुळे पाठवण्याआधी तारीख, पैसे आणि जबाबदारी या तीन गोष्टींची वाक्यं शोधा. ती दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, "यातून मराठीत काय समजलं?" त्याचं उत्तर आणि तुमच्या मनातलं जुळलं, तरच सेंड दाबा.

आजचा गृहपाठ: तुमची शेवटची तीन कोटेशन्स उघडा आणि त्यात फक्त 'टिल' आणि 'आफ्टर' शोधा. बघा, किती सापडतात!