सड्यावरची पोरं आणि साडेसात फेऱ्या

१९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहून दोराबजी टाटांनी ऑलिंपिकला भारताचं पथक पाठवायचं मनावर घेतलं होतं. त्यानंतरच्या शंभर वर्षांत लांब पल्ल्याचे धावपटू म्हणून महाराष्ट्रातली जी नावं घरोघरी पोचली, ती सावरपाड्याची कविता राऊत, माणमधल्या मोहीची ललिता बाबर, बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे. सगळी घाटावरची. विजयदुर्गात बसून ही यादी वाचताना जरा डाचतं.

इथल्या हायस्कुलातल्या धावपटूची वाट ठरलेली आहे. आधी देवगड तालुका, मग ओरोसला जिल्हा, जिंकला तर कोल्हापूर विभाग, त्यापुढे राज्य. १९८१ पर्यंत जिल्ह्याचं ठिकाण रत्नागिरी होतं. त्या मानाने ओरोस जवळच म्हणायचं. सतरा वर्षांखालच्यांची ३००० मीटरची शर्यत म्हणजे चारशे मीटरच्या ट्रॅकवर साडेसात फेऱ्या. शाळेच्या मैदानावर फक्की मारून दोनशे मीटरचा गोल आखला, तर पंधरा. त्यात सरावाचे महिने नेमके पावसाचे. मैदानात तळं, सड्यावरच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावरच्या, जांभ्याला शेवाळ, मग चतुर्थीची सुट्टी. तयारी अशी तुकड्यातुकड्यांनी होते आणि विभागात गाठ पडते ती सातारा-कोल्हापूरच्या मुलांशी, जिथे सैन्य-पोलीस भरतीच्या अकादम्यांमुळे पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं नेहमीचीच.

पण पावसाला आणि मैदानाला दोष देऊन भागत नाही. घाटावरच्या या तिघांबद्दल लिहिताना आपण त्यांच्या हालअपेष्टांचंच कौतुक फार करतो. कविता अनवाणी धावायची, लांबून पाणी आणायची. अविनाश सहा किलोमीटर तुडवत शाळेत जायचा. खरं आहे. पण घाटी चढून-उतरून शाळा गाठणारी पोरं कोकणात काय कमी होती? फरक पडला तो पुढे. कविताला नाशिकमध्ये विजेंदर सिंग हे प्रशिक्षक मिळाले. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर त्यांच्या हाताखाली एकटीदुकटी नव्हे, अख्खा गट धावत असे; संजीवनी जाधव त्याच गटातली. २०१० मध्ये कविताने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं.

उलट साबळेची गोष्ट शालेय स्पर्धांना फारशी भूषणावह नाही. बारावीनंतर तो सैन्यात गेला आणि स्पर्धात्मक धावणं २०१५ मध्ये तिथेच सुरू झालं. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८:११.२० अशी वेळ देऊन रौप्य नेणारा पोरगा शालेय स्पर्धांतून पुढे आला नव्हता. ललिताही आधी खो-खो खेळायची. पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली.

नाशिकच्या त्या गटाचं महत्त्व इथे कळतं. एकट्याने सराव करणारा मुलगा पहिल्याच फेरीत जीव काढतो आणि चौथ्या फेरीला चालायला लागतो. वेग राखायला शेजारी कुणीतरी धावतं लागतं, आणि हातात घड्याळ घेतलेले सर. क्रॉसकंट्रीत तर सांघिक निकाल क्रमांकांची बेरीज करून लागतो. एक पोरगा पहिला आला आणि बाकीचे मागे रेंगाळले, तर संघ हरतो. सड्यावर वाढलेल्या मुलांना हाच प्रकार सर्वांत सोयीचा, असं माझं मत.

म्हणून विजयदुर्ग, गिर्ये, पडेलच्या शाळांना आणि माजी विद्यार्थ्यांना सांगणं एवढंच: पाऊस सरल्यावर, आंब्याची धावपळ सुरू होण्याआधी, सड्यावर शाळाशाळांची एक क्रॉसकंट्री दरवर्षी घ्या. चषक छोटा असला तरी चालेल. मात्र प्रत्येक मुलाची आणि मुलीची वेळ वहीत लिहा, आणि ती वही पुढच्या वर्षीच्या सरांच्या हाती द्या.