खाऱ्या वाऱ्यातलं शटर

दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी गाडीच्या खोलीला बसवलेलं शटर सातव्या वर्षी गेलं. लांबून बघितलं तर पत्रा धड होता, मधल्या पट्ट्यांवरचा रंगही शाबूत होता. पण सगळ्यात खालचा अँगल हाताला लागताच भुगा होऊन पडला, उजव्या गाईडचा तळ जुन्या कागदासारखा फाटला आणि वर गुंडाळीतली स्प्रिंग दोन ठिकाणी तुटलेली निघाली. मला कोड्यात टाकलं ते मात्र अंगणातल्या फाटकानं. साधं लोखंडी फाटक, डोक्यावर छप्पर नाही, दर पावसाळ्यात चार महिने भिजणारं आणि शटरहून जुनं. तरी ते शटरपेक्षा कितीतरी बऱ्या अवस्थेत उभं होतं.

नवं दार घेण्याआधी या कोड्याचं उत्तर शोधायला हवं होतं, नाहीतर पुढच्या सात वर्षांनी पुन्हा तेच झालं असतं. उत्तर शाळेतल्या भूगोलापासून सुरू होतं. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे खारे वारे लाटांच्या तुषारांतलं मीठ घेऊन येतात आणि ते घराच्या प्रत्येक पृष्ठभागावर बसतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्या जेवणातलं मीठ हवेची आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की पाझरायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. किनाऱ्यावरची हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे पाऊस नसतानाही लोखंडावर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा थर कायम असतो.

फाटकावरचं मीठ कोकणचा तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस दरवर्षी धुऊन काढतो. शटर पागोळीच्या आत असतं. त्याच्यापर्यंत मीठ पोहोचतं, पाऊस पोहोचत नाही. वर्षानुवर्षांचं मीठ गाईडच्या खाचेत, पट्ट्यांच्या सांध्यांत आणि खालच्या अँगलमध्ये साठत राहतं. आपण ज्याला आडोसा समजतो, तिथेच गंज सुखाने नांदतो.

हे कळल्यावर दार निवडण्याची माझी रीतच बदलली. बाजारात गेलं की चर्चा पत्र्याच्या गेजवर होते. अठरा गेज घ्या, वीस गेज नको, असं सगळेच सांगतात. चोरापासून जपायला जाड पत्रा हवाच, पण किनाऱ्यावर दार किती वर्षं टिकणार हे पत्र्याच्या जाडीपेक्षा त्यावरच्या जस्तावर जास्त ठरतं. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. बाजारात सर्रास मिळणाऱ्या 120 ग्रॅमच्या जीआय पत्र्यावर, म्हणजे दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 120 ग्रॅम जस्त असलेल्या पत्र्यावर, एका बाजूचा थर जेमतेम 8 मायक्रॉनचा असतो. 275 ग्रॅमच्या पत्र्यावर तो 19 मायक्रॉनच्या आसपास जातो. समुद्राजवळच्या हवेत जस्त वर्षाला साधारण 2 ते 4 मायक्रॉन झिजतं, लाटांच्या अगदी जवळ त्याहूनही जास्त. म्हणजे पहिला पत्रा दोन ते चार वर्षांत उघडा पडतो आणि दुसरा पाच ते नऊ वर्षं तग धरतो. वरून पावडर कोटिंग असेल तर दोन्हींचं आयुष्य वाढतं. दुकानदाराला गेजआधी ग्रॅम विचारावेत. त्याला सांगता आले नाहीत तर दुसरं दुकान बघावं.

ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची शटरं आता तालुक्याच्या गावांतही मिळतात. हलकी असतात, तांबूस गंज धरत नाहीत आणि माझ्या मते समुद्रापासून पाचशे मीटरच्या आत तीच घ्यावीत. पण ॲल्युमिनियमलाही मिठाने बारीक खड्डे पडतात. म्हणून ॲनोडायझिंग 20 ते 25 मायक्रॉनचं किंवा पावडर कोटिंग निदान 60 मायक्रॉनचं मागावं. त्याहून मोठा धोका म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्टीला मारलेला साधा लोखंडी स्क्रू. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटले की त्यांच्यात बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि एक धातू दुसऱ्यासाठी झिजतो. स्क्रू स्टेनलेसचे हवेत, तेही 304 नव्हे तर 316 चे. 316 मधल्या दोन-तीन टक्के मॉलिब्डेनममुळे ते मिठापुढे जास्त टिकतात. शिवाय दोन धातूंच्या मध्ये नायलॉनचा वायसर घालावा.

लाकडी दुपाखी दार अजूनही चांगलं आहे, हे आवर्जून सांगतो. जुन्या घरांची फणसाची, सागाची दारं शंभर पावसाळे बघून उभी आहेत. अंगणात पाखं उघडायला जागा असेल आणि दरवर्षी तेलपाणी करायची तयारी असेल तर बिजागऱ्या आणि कड्या तेवढ्या पितळी किंवा स्टेनलेस घ्याव्यात. आमच्याकडे जागा नव्हती.

आता बसवण्याविषयी, कारण आमचं जुनं शटर खरं तिथेच मेलं होतं. गाईड आणि ब्रॅकेट जीआयचे होते, पण कारागिरांनी ते जागेवर वेल्डिंग करून जोडले. वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूचं जस्त जळून जातं. त्यावर चंदेरी रंगाचा एक हात फिरवला की डोळ्यांचं समाधान होतं, लोखंडाचं रक्षण होत नाही. दोन वर्षांत नेमक्या त्याच जागांवरून गंजाचे ओघळ उतरले. या वेळी गाईड, ब्रॅकेट आणि खालचा अँगल आधी पूर्ण तयार करून घेतले, भोकंही पाडून घेतली आणि मग हॉट डिप गॅल्व्हनायझिंगला पाठवले. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या तीन-चार मिलिमीटर जाड लोखंडावर 70 मायक्रॉनच्या आसपास थर बसतो, म्हणजे साध्या जीआय पत्र्याच्या आठपटीहून जास्त. जागेवर फक्त नटबोल्ट आवळायचे. कुठे वेल्डिंग टळत नसेलच तर तिथे जस्ताचं प्रमाण भरपूर असलेला झिंक-रिच प्रायमर लावून घ्यावा, तोही घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर.

दुसरी अडचण भिंतीची. आमची भिंत चिऱ्याची. जांभा सच्छिद्र आणि मऊ असतो, त्यात ठोकलेला फुगणारा अँकर बोल्ट काही महिन्यांत खिळखिळा होतो. दाराच्या दोन्ही बाजूंना सिमेंट काँक्रीटचे खांब आणि वर बीम ओतून घेतल्याशिवाय गाईड लावू दिले नाहीत. खर्च वाढला, पण 3 जून 2020 ची दुपार आम्ही पाहिलेली आहे.

निसर्ग वादळाने त्या दिवशी आमच्या तालुक्यातले माड-सुपारी आडवे केले आणि किती घरांची छपरं नेली. ताशी 120 किलोमीटरचा झोत समोरून आला तर दर चौरस मीटरला 68 किलोच्या आसपास दाब येतो. दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच शटरवर हे पाचशे किलो होतात. पट्ट्या मधे वाकतात, त्यांची टोकं गाईडमधून निसटतात आणि वारा आत शिरतो. आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो, बाहेरचा वरून ओढतो. 1992 साली अँड्र्यू चक्रीवादळानंतर दक्षिण फ्लोरिडात पडझडीची पाहणी झाली, तेव्हा छप्पर गमावलेल्या कित्येक घरांत गॅरेजचं दार आधी आत ढासळलेलं आढळलं. तिथे आता वाऱ्याच्या दाबाची चाचणी उत्तीर्ण झालेलीच दारं लावावी लागतात. आपल्याकडे निदान इतकं तरी करता येतं: गाईड 65 मिलिमीटर खोल मागावेत आणि पट्ट्यांच्या टोकांना एंडलॉक बसवून घ्यावेत, म्हणजे टोक खाचेतून सहज सुटत नाही. अंगण दोन्हीकडे असेल तर दार समुद्राच्या विरुद्ध बाजूला काढावं. हा निर्णय बांधकामाआधीच घ्यावा लागतो, नंतर कितीही पैसे ओतले तरी दिशा बदलत नाही.

मोटर हवी असेल तर ती खोलीच्या आत, झाकणाखाली घ्यावी आणि हाताने ओढायची साखळी असलेलीच घ्यावी. निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडे वीज नव्हती.

देखभालीचं काम थोडं आहे, पण ते चुकवून चालत नाही. पाऊस संपल्यापासून पुढच्या मृगापर्यंत महिन्यातून एकदा शटर, गाईड आणि खालचा अँगल पाण्याने धुवावा. पाणी गोडं हवं. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्या पाण्याने धुणं म्हणजे पुन्हा मीठ चोळणं. गाईडमध्ये ग्रीस भरू नये, त्यात वाळू चिकटते आणि कानशीसारखी घासते. तिथे सिलिकॉनचा फवारा पुरतो, ग्रीस फक्त बेअरिंगला. उंबऱ्याला बाहेरच्या बाजूने उतार ठेवावा, खालची पट्टी पाण्यात उभी राहता कामा नये.

शटर बसलं त्या संध्याकाळी कारागीर हत्यारं आवरत होते. मी पाण्याचा पाइप काढला.

"दादा, आजच बसवलंय, धुवायला कशाला हवं?"

ग्राइंडरने लोखंड कापताना उडालेला कीस नव्या पट्ट्यांवर आणि खाचेत सगळीकडे पसरला होता. रात्रभर तो खाऱ्या हवेत राहिला असता तर सकाळी प्रत्येक कणाभोवती तांबूस ठिपका दिसला असता आणि कोटिंग तिथून उचकटायला लागलं असतं. आधी मऊ ब्रशने कीस झाडला, खाचेतला लोहचुंबक फिरवून काढला आणि मग वरपासून खालपर्यंत पाणी मारलं. कारागिरांतला धाकटा पोरगा थांबला आणि त्याने दुसऱ्या बाजूचा गाईड स्वतःच धुऊन दिला.