नगरपालिका, तिचे सेवक आणि वेतनवाढीचा प्रश्न

नागरिकशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात नगरपालिकेची कर्तव्ये अनुक्रमाने दिलेली असतात. रस्ते झाडणे, गटारे साफ ठेवणे, पाणी पुरविणे, दिवाबत्ती करणे, आग विझविणे, प्राथमिक शाळा चालविणे ही यादी आपण पाठ करतो आणि परीक्षेत उतरवून काढतो. ती कर्तव्ये प्रत्यक्ष पार पाडणारी माणसे मात्र त्या यादीत दिसत नाहीत. पहाटे झाडू घेऊन निघणारा सफाई कामगार, पाणी सोडणारा चावीवाला, बंबावरील जवान, कचेरीतील कारकून हे सारे पगारी नोकर असतात. त्यांनाही संसार असतो, आणि धान्याचे भाव चढले की त्यांनाही चिमटा बसतो. मग त्यांची संघटना वेतनवाढ मागते, नगरपालिका पैसे नाहीत असे सांगते, आणि एके दिवशी गावातला कचरा उचलला जात नाही. अशा वेळी घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : ‘यात चूक कोणाची?’ त्याचे उत्तर घाईने देण्यापूर्वी हा वाद मुळात कसा उत्पन्न होतो, तो सोडविण्याचे मार्ग कोणते आणि तो चिघळला म्हणजे काय घडते, हे समजावून घेणे इष्ट आहे.

गिरणी आणि नगरपालिका

कापडगिरणीतील कामगार मजुरी वाढवून मागतात तेव्हा ती वाढ मालकाच्या नफ्यातून द्यावयाची असते. नगरपालिकेला नफा नसतो. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारांतील गाळ्यांचे भाडे, निरनिराळी शुल्के आणि सरकारी अनुदान यांवर तिचा कारभार चालतो. तेव्हा तिने दिलेली वेतनवाढ सरतेशेवटी नागरिकांच्या खिशातूनच यावयाची.

हे एका कल्पित हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एका गावच्या नगरपालिकेत ४०० सेवक आहेत आणि प्रत्येकाला दरमहा ५०० रुपये वाढ द्यावयाची आहे. वर्षाचा बोजा होतो २४ लाख रुपये. आकडा ऐकून नगरसेवकांच्या छातीत धडकी भरते. पण त्याच गावात २० हजार घरे असतील, तर प्रत्येक घराच्या वाट्याला वर्षाला १२० रुपये, म्हणजे महिन्याला १० रुपये येतात. एकच रक्कम सभागृहात डोंगराएवढी आणि घरात राईएवढी भासते. अर्थात ज्या घरात दहा रुपयांचीही ओढाताण आहे, त्याला ती राई वाटत नाही, हेही विसरून चालणार नाही.

दुसरा भेद असा की, येथे मालकाच्या जागी लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असतात. कर वाढविला तर मतदार रुसतो, आणि न वाढविला तर सेवक रुसतात. शिवाय वर्षाचे अंदाजपत्रक एकदा मंजूर झाले म्हणजे मध्येच नवा खर्च घुसविणे अवघड जाते. तिसरा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. गिरणी बंद पडली तर नुकसान मालकाचे आणि कामगारांचे होते. सफाई बंद पडली तर ज्याचा या वादाशी काहीच संबंध नाही असा तिसराच मनुष्य आजारी पडतो. श्रीमंताच्या बंगल्यापेक्षा दाटीच्या वस्तीत ही आपत्ती अगोदर पोचते.

परंतु याच मुद्द्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ‘तुमचे काम इतके आवश्यक आहे की ते थांबविता कामा नये,’ असे ज्याला सांगितले जाते, त्याच्या कामाची किंमत मात्र पुष्कळदा सर्वांत कमी धरली जाते. ज्याने संप करावयाचा नाही, त्याचे गाऱ्हाणे ऐकण्याची दुसरी काही तरी व्यवस्था असली पाहिजे. ती नसेल तर उपदेश पोकळ ठरतो.

नागपूरचा खटला

अशी व्यवस्था आपल्या देशात कशी आली, याच्या इतिहासात नागपूर शहराचे नाव कायमचे कोरलेले आहे. नागपूर महानगरपालिका आणि तिचे सेवक यांच्यामध्ये वेतनश्रेणी, भत्ते, भविष्यनिर्वाह निधी इत्यादी बाबतींत वाद होता. ऑक्टोबर १९५६ मध्ये, म्हणजे नागपूर अद्याप जुन्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी असताना, राज्य सरकारने तो वाद औद्योगिक न्यायालयाकडे सोपविला. सोपविताना आधार घेतला तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचा. तेथेच खरी मेख होती. महापालिका म्हणाली, ‘आम्ही शासनाचे काम करतो, कारखाना चालवीत नाही. आमच्या खात्यांना उद्योग म्हणताच येणार नाही.’ उद्योग नसेल तर औद्योगिक न्यायालयाला वेतनाचा निवाडा करण्याचा अधिकारच उरत नव्हता.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बंगालमधील बजबज नगरपालिकेच्या खटल्यात १९५२ सालीच या न्यायालयाने नगरपालिकेतील तंटा हा औद्योगिक विवाद असू शकतो असे म्हटले होते. फेब्रुवारी १९६० मध्ये न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी नागपूरच्या खटल्याचा निर्णय देताना अधिक सविस्तर कसोटी घालून दिली. कायदे करणे, न्यायदान करणे यांसारखी कार्ये ही राजसत्तेची कार्ये होत. ती उद्योगात मोडत नाहीत. परंतु जी सेवा एखादी खासगी व्यक्तीही देऊ शकली असती, अशी सेवा संघटित रीतीने नगरपालिका देत असेल, तर तिच्यात नफ्याचा हेतू नसला तरी ती कायद्याच्या दृष्टीने उद्योगच आहे. एकाच खात्यात दोन्ही प्रकारची कामे असतील तर मुख्य काम कोणते ते पाहावे. ही कसोटी लावून न्यायालयाने पाणीपुरवठा, सफाई, आरोग्य, दिवाबत्ती, अग्निशमन अशी खाती एकामागून एक तपासली आणि ती उद्योगाच्या व्याख्येत बसतात असे ठरविले.

या निर्णयाचा अर्थ साधा होता. नगरपालिकेच्या झाडूवाल्याला आपल्या पगाराचे गाऱ्हाणे न्यायासनापुढे मांडण्याचा हक्क मिळाला. हक्काबरोबर बंधनही होतेच. १९४७ च्या केंद्रीय औद्योगिक विवाद कायद्यात सार्वजनिक सफाईची गणना लोकोपयोगी सेवांत केलेली होती. अशा सेवेत पूर्वसूचना दिल्याखेरीज आणि तिच्यानंतर १४ दिवस गेल्याखेरीज संप करता येत नसे. त्या अवधीत तडजोड अधिकाऱ्याने दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवावे अशी योजना होती. पुढे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने पूर्वसूचनेची अट सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू केली. ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

मेम्फिसचे पासष्ट दिवस

अशी व्यवस्था जेथे नव्हती तेथे काय घडले, याचे उदाहरण अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहराने दिले आहे. तेथील कचरा उचलणारे कामगार जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय होते. गळक्या टोपल्यांतून घरोघरचा कचरा डोक्याखांद्यावर वाहून तो मोटारीत टाकावयाचा, हे त्यांचे काम. मजुरी इतकी अपुरी की, पूर्ण वेळ काम करूनही पुष्कळांना सरकारी साहाय्यावर अवलंबून राहावे लागे. पावसामुळे काम बंद पडले तर कृष्णवर्णीयांना थोडीशी मजुरी देऊन घरी पाठवीत, गोऱ्या मुकादमांना मात्र पूर्ण दिवसाचा पगार मिळे.

१ फेब्रुवारी १९६८ रोजी मुसळधार पावसात एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार कचऱ्याच्या मोटारीच्या मागील भागात आसऱ्यास उभे होते. कचरा दाबणारे जुनाट यंत्र एकाएकी सुरू झाले आणि दोघेही त्यात चिरडून मरण पावले. ते रोजंदारीवरचे असल्याने नुकसानभरपाईच्या योजनेत त्यांची नावे नव्हती. कुटुंबांच्या हाती पडला एक महिन्याचा पगार आणि अंत्यविधीसाठी ५०० डॉलर.

१२ फेब्रुवारीस सुमारे १,३०० कामगार कामावर गेले नाहीत. त्यांचा पुढारी टी. ओ. जोन्स हा स्वतः एके काळचा सफाई कामगार. संघटना बांधण्याच्या अपराधाबद्दल १९६३ मध्ये त्याला कामावरून काढून टाकण्यात आले होते. मागण्या होत्या वेतनवाढीच्या, सुरक्षित साधनांच्या, बढतीत समान न्यायाच्या. पण सर्वांत कळीच्या मागण्या दोन : नगरपालिकेने संघटनेला मान्यता द्यावी, आणि सभासदाच्या संमतीने वर्गणी पगारातून कापून संघटनेकडे भरावी. मान्यता नसलेल्या संघटनेशी कोणी करार करीत नाही, आणि वर्गणीवाचून संघटना टिकत नाही. म्हणून पैशांपेक्षाही या दोन गोष्टींवर वाद अडला.

महापौर हेन्री लोब यांचे म्हणणे असे की, सार्वजनिक सेवकांचा संप बेकायदेशीर आहे. आधी कामावर या, मग बोलू. कायद्याचा आधार त्यांच्या बाजूस होता, आणि न्यायालयाचा मनाई हुकूमही त्यांना मिळाला. नगरसभेच्या एका समितीने संघटनेला मान्यता देण्याची शिफारस केली होती. परंतु २३ फेब्रुवारीस पूर्ण सभेने ती स्वीकारली नाही. त्याच दिवशी रस्त्यावरून जाणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी डोळ्यांत आग आणणारा वायू फवारला. तेथपासून पगाराचा वाद मानाचा वाद बनला. ‘मी माणूस आहे’ एवढेच शब्द लिहिलेले फलक गळ्यात अडकवून कामगार दररोज निघू लागले. वेतनवाढीच्या कोष्टकात न मावणारी मागणी त्या शब्दांत होती.

या लढ्याची आखणी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते धर्मोपदेशक जेम्स लॉसन. विशेष म्हणजे, हे लॉसन तरुणपणी १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात कार्य करीत होते आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा त्यांनी येथेच अभ्यास केला होता. त्यांच्याच निमंत्रणावरून मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले. २८ मार्चच्या मोर्चात मात्र काहींनी दुकानांच्या काचा फोडल्या, पोलिसांनी बळ वापरले आणि सोळा वर्षांचा एक मुलगा पोलिसाच्या गोळीने ठार झाला. शिस्तबद्ध मोर्चा पुन्हा काढून दाखवावा म्हणून किंग परत आले, आणि ४ एप्रिल १९६८ रोजी सायंकाळी ते उतरले होते त्या जागी त्यांची हत्या झाली. ८ एप्रिलला त्यांच्या पत्नी कोरेटा यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक त्या शहरातून मूकपणे चालत गेले.

यानंतर अध्यक्ष जॉन्सन यांनी कामगार खात्याचे उपमंत्री जेम्स रेनॉल्ड्स यांना मध्यस्थीसाठी पाठविले होते, त्यांच्या खटपटीने १६ एप्रिलला करार झाला. संघटनेला मान्यता मिळाली. वर्गणी नगरपालिकेने थेट न कापता सेवकांच्या पतपेढीमार्फत कापावी अशी तोड निघाली. आणि वेतनवाढ किती? १ मेपासून ताशी १० सेंट आणि १ सप्टेंबरपासून आणखी ५ सेंट. आठवड्याचे ४० तास धरले तर प्रत्येकी अवघे ६ डॉलर! तरीही चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात पैसा नाही ही अडचण होतीच. तेव्हा एब प्लाऊ या स्थानिक उद्योगपतीने आपले नाव गुप्त ठेवून सुमारे ६०,००० डॉलर दिले आणि नव्या अंदाजपत्रकापर्यंतची तूट भरून निघाली. जे एका टेबलाशी बसून फेब्रुवारीत ठरू शकले असते, त्यासाठी पासष्ट दिवस आणि माणसांचे प्राण खर्ची पडले.

त्या कराराने सर्व काही साधले असेही नाही. त्या पिढीच्या कामगारांना नगरपालिकेचे निवृत्तिवेतन पुरेसे लाभले नाही. काही जण म्हातारपणीही काम करीत राहिले. अखेर २०१७ मध्ये मेम्फिस शहराने हयात असलेल्या संपकऱ्यांना प्रत्येकी किमान ५०,००० डॉलर देण्याचे ठरविले. अन्याय दुरुस्त होण्यास सुमारे पन्नास वर्षे लागली.

विचार करण्याजोगे

नागपूर आणि मेम्फिस यांतील भेद मनुष्यस्वभावाचा नव्हता. दोन्हीकडे तिजोरी तोकडी होती, दोन्हीकडे सेवक आपली मागणी रास्त समजत होते. नागपुरात तंटा न्यायासनापुढे गेला; तेथे वेळ लागला, पण उभय पक्षांना आपली बाजू मांडता आली. मेम्फिसमध्ये ‘तुमच्याशी बोलणारच नाही’ या शब्दांनी दार बंद झाले, आणि बंद दारापुढे गर्दी जमली. कायद्याने संप रोखता येतो. असंतोष रोखण्यासाठी मात्र ऐकून घेणारा कोणी तरी लागतो.

विद्यार्थिमित्रहो, उद्या तुम्ही मतदार व्हाल, तुमच्यापैकी काही नगरसेवक होतील, काही नगरपालिकेच्या नोकरीत शिरतील. आपल्या गावी असा वाद निघाला तर चार गोष्टी विचारून पाहा. मागितलेली वाढ एकूण किती रुपयांची आहे आणि ती प्रत्येक घरावर किती पडते? मागील वाढ केव्हा झाली आणि त्यानंतर महागाई किती वाढली? नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात थकलेली घरपट्टी किती आहे? आणि दोन्ही पक्ष शेवटचे समोरासमोर केव्हा बसले होते? यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आपल्याच घरात सापडते. आपली पट्टी थकवून ठेवणाऱ्या गृहस्थाला कचरा उचलला गेला नाही म्हणून रागावण्याचा अधिकार कितपत पोचतो, हे ज्याने त्याने ठरवावे.