एसएसडी फास्ट, लॅपटॉप जुना: वेग नेमका कुठे अडतो?

मागच्या बॅचमध्ये एक ताई होत्या, घरगुती फराळाचा व्यवसाय. दिवाळीच्या निम्म्या ऑर्डर त्यांच्या इन्स्टाग्रामवरच्या व्हिडिओंमधून येतात. ब्रेकमध्ये पर्समधून नवीकोरी एसएसडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "सर, मला फसवलं हो दुकानदारानं. बॉक्सवर १०५० लिहिलंय आणि कॉपी होतंय ३५ नं."

फसवलं वगैरे नव्हतं. पण पैसे जाऊन काम तसंच रखडलं की माणसाला दुसरं काय वाटणार? दिवाळी तीन आठवड्यांवर होती. म्हटलं, "ताई, आधी लॅपटॉप दाखवा."

लॅपटॉप तिसऱ्या जनरेशनच्या आय-फाइव्हचा, विंडोज १०. उजवीकडे दोन काळे यूएसबी पोर्ट, डावीकडे एक निळा. एसएसडी लावलेली काळ्यात, कारण निळ्यात वायरलेस माउसचा डोंगल बसलेला! एवढ्या महागाच्या ड्राइव्हला मागचा दरवाजा आणि डोंगलला राजमार्ग.

काळा पोर्ट बहुतेक वेळा यूएसबी २.० असतो. कागदावर ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट प्रति सेकंद, पण हातात येतात ३५ ते ४०. निळा म्हणजे यूएसबी ३.०, कागदावर ५ गिगाबिट, प्रत्यक्षात ४०० च्या आसपास. बॉक्सवरचे १०५० मिळायला १० गिगाबिटचा पोर्ट लागतो, तो त्या काळच्या लॅपटॉपला नसतोच. म्हणजे ताईंना १०५० कधीच मिळणार नव्हते, पण ४०० मिळायला हवे होते. ६४ जीबी शूटिंग ३५ च्या वेगाने वाचायला अर्धा तास जातो, ४०० ने तीन मिनिटंसुद्धा नाही. (रंगावर डोळे झाकून विश्वास नको, काही कंपन्या निळा रंग देतच नाहीत. पोर्टशेजारी 'एसएस' अशी खूण शोधा.)

डोंगल काळ्यात, एसएसडी निळ्यात. आकडा तरी ३५ च. मग वायर बघितली. ड्राइव्हसोबतची वायर आखूड म्हणून ताईंनी मोबाइल चार्जरची लांब वायर लावली होती. चार्जिंगच्या बऱ्याच टाइप-सी वायरमधून डेटा यूएसबी २.० च्याच वेगाने जातो. दिसायला जुळ्या बहिणी, आत तारा कमी. बॉक्समधली वायर लावली आणि क्रिस्टलडिस्कमार्कने ४१० दाखवले. ताईंचा चेहरा बघण्यासारखा होता.

हे मोजताना एक चूक सगळेच करतात. लॅपटॉपमधून फाइल कॉपी करून वेग बघतात. आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती स्वतःच शंभरच्या आसपास देते. बाहेरची एसएसडी कितीही पळो, आतून माल येईल तेवढाच ती घेणार. म्हणून क्रिस्टलडिस्कमार्क वापरा, फुकट आहे. मॅकवाल्यांना ब्लॅकमॅजिकचं डिस्क स्पीड टेस्ट.

आणि लॅपटॉपवर अजून विंडोज ७ असेल तर त्यात यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळात नसतो, वेगळा टाकावा लागतो. नाहीतर निळा पोर्ट एकतर चालत नाही किंवा २.० सारखा चालतो.

मॅकची गोष्ट वेगळी. २०११ च्या मॅकबुक प्रोला यूएसबी २.० च आहे, पण शेजारी थंडरबोल्ट आहे, १० गिगाबिटचा. लोक ॲपलचा थंडरबोल्ट ३ ते २ वाला ॲडॅप्टर आणतात, त्यात साधी टाइप-सी एसएसडी लावतात आणि काहीच होत नाही. तो ॲडॅप्टर फक्त थंडरबोल्ट उपकरणांसाठी आहे, यूएसबी ड्राइव्ह त्यावर चालत नाही. शिवाय तो ड्राइव्हला करंटही देत नाही. आधी विचारा, मग खरेदी करा.

करंटवरून माझी फजिती सांगतो. धनत्रयोदशीच्या ऑफरचा व्हिडिओ, रात्री दुकान बंद करून एडिटला बसलो. एसएसडी एका साध्या हबवर, त्याच हबवर मोबाइल चार्जिंगला. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिॲम्पियर देतो, ३.० चा ९००, आणि त्यात सगळ्यांनी भागवायचं. एक्स्पोर्ट अर्ध्यावर असताना ड्राइव्ह गायब. प्रोजेक्ट फाइलही त्याच ड्राइव्हवर, ती उघडेना. पहाटे तीनपर्यंत पुन्हा सगळं कापत बसलो. तेव्हापासून फुटेज बाहेर, प्रोजेक्ट फाइल लॅपटॉपमध्ये, आणि ड्राइव्ह थेट पोर्टमध्ये. हब लागलाच तर स्वतःचा ॲडॅप्टर असलेला.

आता ताईंकडे परत. वेग ४१० झाला, तरी एडिटिंगमध्ये व्हिडिओ अडखळतच होता. इथे एसएसडीचा दोषच नाही. मोबाइलच्या फोर-के व्हिडिओला सेकंदाला दहा-बारा मेगाबाइट पुरतात, तेवढं काळा पोर्टही देतो. पण त्यांचा फोन एचईव्हीसीमध्ये शूट करत होता आणि ते उलगडायची सोय इंटेलच्या चिपमध्ये सहाव्या जनरेशनपासून आली. तिसऱ्या जनरेशनचा प्रोसेसर ते सगळं अंगमेहनतीने करतो, म्हणून धापा टाकतो. उपाय दोन. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये हाय एफिशियन्सी बंद करून १०८० वर शूट करा, आयफोनमध्ये फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल'. रील मोबाइलवर बघायचं आहे, चकलीचे काटे १०८० मध्ये छान दिसतात. आधीच शूट झालेल्यासाठी प्रॉक्सी बनवा, प्रीमियर आणि दाविंची दोन्हीत सोय आहे.

माझं स्पष्ट मत, लॅपटॉपमध्ये अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर पहिला पैसा बाहेरच्या ड्राइव्हवर घालूच नका. आत अडीच इंची साटा एसएसडी बसवा, पाचशेच्या आसपास वेग मिळतो, आणि टॅली, बिलिंग सगळंच हलकं होतं. ज्याच्याकडे नुसते काळे पोर्ट आहेत त्याला तर दुसरा मार्गच नाही. चालू काम आत, झालेलं काम बाहेर.

ताईंनी एसएसडी परत केली नाही. त्याच आठवड्यात आतली डिस्क बदलून घेतली आणि अनारशांचा व्हिडिओ वसुबारसेच्या आदल्या दिवशी टाकला. माउस मात्र मधूनमधून अडकतो म्हणाल्या. यूएसबी ३.० चा ड्राइव्ह चालू असताना वायरलेस डोंगलच्या लहरींना त्रास होतो. डोंगल ड्राइव्हपासून लांबच्या पोर्टमध्ये ठेवा, नाहीतर सरळ वायरचा माउस घ्या.